आफियाला सांगायचं कसं

दाभोळ, १७ जानेवारी २०२५

नाझिया,

सलाम आणि दुआ. तुझ्याशी फोनवर बोलण्यात काही अर्थ राहिलेला नाही. तुझ्या मागे बायका बसलेल्या असतात, तू 'हो आपा, हो आपा' करतेस आणि ठेवतेस. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. मोबाईलवर माझी बोटं चालत नाहीत, पण हात अजून चालतो. तूही तसंच लिहून पाठव, म्हणजे आपल्या दोघींत तिसरी कुणी यायला नको.

यूसुफला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. तिकडे आखातात, मीना अब्दुल्लाच्या कारखान्यात, कामावर असताना त्याच्या छातीत कळ आली आणि माझा धाकटा भाऊ तिथेच गेला. तुम्ही त्याला तिकडच्याच मातीत ठेवलंत. मी इथे मोबाईलच्या पडद्यावर कफन बघितलं, तेही हलत होतं, कारण धरणाऱ्याचा हात हलत होता. मी तेही गिळलं. अल्लाची मर्जी म्हटलं आणि गप्प बसले.

पण आता ऐकते ते काय? तू इद्दतीत आहेस. चार महिने दहा दिवस घरात राहायचं, साधं राहायचं, नटायचं नाही, हे तुला शिकवायला मी नको. आणि तुझ्या हातात हिरव्या बांगड्या आहेत म्हणे! एकीने सांगितलं असतं तर तिलाच झापलं असतं. तीन घरांतून फोन आले. बायका काढायला आल्या तर तू त्यांचे हात झिडकारलेस, असंही सांगतात. अगं, माझ्या भावाची एवढी तरी लाज ठेवायची होतीस. तो तुझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नाही, हे मला माहीत आहे.

आफिया कशी आहे ते मात्र कुणी सांगत नाही. पोरीचं नाव काढलं की सगळ्या 'बिचारी' म्हणतात आणि पुढच्या विषयाला लागतात. ती जेवते का, फिट येतात का, ते लिही. आणि बांगड्या उतरव.

झुलेखा

⁂

अर्दिया, १९ जानेवारी २०२५

आपा,

सलाम. तुम्ही सरळ रागावलात ते बरं केलंत. इथे कुणी रागावत नाही, सगळ्या नुसत्या माझ्या हातांकडे बघतात.

बायकांनी बांगड्या काढायला हात लावला तेव्हा मी झिडकारलं, हे खरं. पण ती दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी मी निमूट हात पुढे केला होता. तिसऱ्या दिवशीच सगळ्या उतरवल्या आणि पांढरी ओढणी घेऊन बसले. मग आफियाला भरवायला गेले, तर तिने माझं मनगट चाचपलं आणि मला चावली. खोटं नाही लिहीत, अजून वळ आहे. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, पाण्याचा घोट घेतला नाही. मी तिला कुशीत ओढत होते आणि ती एखाद्या परक्या बाईने धरल्यासारखी ओरडत होती. शेवटी बांगड्या पुन्हा चढवल्या. तिने त्या बोटांनी मोजल्यासारख्या चाचपल्या, माझ्या मांडीत डोकं घातलं आणि पेज प्यायली.

तुम्ही तिला दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाहिलंत. आता ती नऊची आहे. डोळ्यांनी काहीच नाही, कानांनी नसल्यातच जमा. डावा हात, डावा पाय ताठ. घास चावता येत नाही, सगळं पातळ करून भरवावं लागतं. फिटची औषधं चालू आहेत. तिच्याकडे आहे तो उजवा तळवा. जग त्या तळव्यातून आत येतं. शाळेतल्या वासंती मॅडमनी आम्हाला शिकवलं की तिच्याजवळ जाणाऱ्याने आधी आपली ओळख तिच्या हातात द्यायची, मग तिला हात लावायचा. मॅडमच्या मनगटाला जाड रबर असतं. चमचा दिला की जेवण, टॉवेल दिला की अंघोळ, गाडीच्या पट्ट्याची कडी दिली की शाळा. माझी ओळख बांगड्या. आणि यूसुफची ओळख त्यांचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. कंपनीच्या बसमधून उतरून आले की बूट काढायच्या आधी ते जमिनीवर बसायचे आणि मनगट पुढे करायचे. ती पट्ट्याचा खटका उघडायची, लावायची, उघडायची, आणि खिदळायची. मग ते तिला दुधात कालवलेला खजूर भरवायचे. संध्याकाळचं तिचं जेवण कायम त्यांच्याच हातचं.

आता खरं दुखणं लिहिते. शवागारात शेवटचं तोंड बघायला नेलं, तेव्हा मी म्हटलं होतं की आफियालाही न्या, तिला हात लावू दे. पुरुष म्हणाले, घाबरेल, फिट येईल, आणि तिला काय कळणार? तुमचा मुलगा नौमान एकटा माझ्या बाजूने बोलला, त्यालाही मोठ्यांनी गप्प केलं. म्हणून आफियाला माहीतच नाही, आपा. घरात रडारड झाली ती तिला ऐकू आली नाही. माणसं आली-गेली ती दिसली नाहीत. रोज संध्याकाळी ती फरशीवरून सरपटत दारापाशी जाते आणि तळवा वर करून बसते. दार उघडलं की आलेल्या प्रत्येकाचं मनगट चाचपते. घड्याळ नसलं की हात सोडून देते आणि पुन्हा तळवा वर करते. संध्याकाळचं जेवण घेत नाही. ती वाळत चाललीय.

वडील गेले, हे मी तिला कोणत्या शब्दात सांगू? तिच्याकडे तो शब्दच नाही.

बांगड्या मी उतरवणार नाही. तुम्हाला वाटेल ते बोला.

नाझिया

⁂

दाभोळ, २१ जानेवारी २०२५

नाझिया,

बांगड्या राहू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्या तिघींनी फोन केले त्यांना मी उलट फोन करून सांगितलं की नाझियाच्या हातात काय असावं ते तिची नणंद बघून घेईल, तुम्ही आपापल्या चुली बघा. एकीला राग आला. येऊ दे.

कागद वाचून मी मागच्या पडवीत जाऊन बसले. पोरगी तळवा वर करून बसते, ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मला तर दोन्ही डोळे आहेत, कान आहेत, दहा जणांनी सांगितलं, पडद्यावर दाखवलं, तरी फोन वाजला की वाटतं यूसुफचाच. मग तिचं काय होत असेल?

मी एक सांगते, ते कर. घड्याळ तुझ्याकडेच आहे ना? ते नौमानला घाल. तो काही परका नाही, माझ्या पोटचा, यूसुफचा सख्खा भाचा आहे, अंगकाठीही मामासारखीच. गोदामातल्या कामावरून सुटला की रोज तुमच्याकडे येऊ दे. दारात बसून मनगट पुढे करू दे, खजूर भरवू दे. तिला वाटलं की बाप आला, तर वाटू दे. पोट तरी भरेल. मोठी झाली की बघू. पोराला आई नसली तर मावशी पदराखाली घेतेच की. यात कसलं पाप?

नौमानला मी फोन केलाय. आधी नको म्हणत होता, मी दटावलं.

झुलेखा

⁂

अर्दिया, २६ जानेवारी २०२५

आपा,

जेवली! वाटीभर खजूर-दूध, थेंब ठेवला नाही.

नौमान कामावरून आला, बूट काढायच्या आधी खाली बसला. तिने घड्याळाला बोट लावलं आणि पूर्वीसारखी खिदळली. किती वेळ खटका उघडला आणि लावला. नौमानने अंग मागे ठेवून, हात लांबवून चमच्याने भरवलं. काल पुन्हा आला, पुन्हा जेवली. रात्री झोपली.

नौमान खाली मान घालून गेला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. थकला असेल. वासंती मॅडमचा फोन आला होता, त्यांना फक्त 'आता जेवते' एवढंच सांगितलं.

तुमच्या डोक्याला सलाम, आपा. मला हे सुचलं नसतं.

नाझिया

⁂

दाभोळ, २७ जानेवारी २०२५

नाझिया,

आज इथे मी पहिल्यांदा पोटभर जेवले. वाफेवरची सांदणं केली आणि शेजारी वाटली, कुणी विचारलं कशाची, तर सांगितलं नाही. नौमान गप्प असतो तो लहानपणापासूनचा घुम्या आहे, तू मनावर घेऊ नकोस.

मॅडमला सांगायची काही गरज नाही. शिकलेल्या बायका चांगल्या गोष्टीतही किडा काढतात.

झुलेखा

⁂

अर्दिया, ४ फेब्रुवारी २०२५

आपा,

हे पत्र मी इस्पितळातून लिहितेय. आफियाला सलाईन लावलंय. इद्दतीत घराबाहेर पाऊल टाकलं म्हणून कुणाचा फोन आला तर त्यांना हे पत्र वाचून दाखवा.

चार दिवसांपूर्वी नौमान नेहमीसारखा दारात बसला. तिने खटका उघडला, लावला. पण त्या दिवशी तिला तेवढं पुरलं नाही. घड्याळावरून तिचा हात वर निघाला, कोपर, खांदा, मान. नौमानने मागे व्हायला हवं होतं, तो हलला नाही. म्हणाला, मामी, मला हलवेना. तिने त्याच्या हनुवटीवर हात ठेवला. यूसुफची दाढी तुम्हाला माहीत आहे, तिच्यात ती बोटं घालून बसायची. नौमानची हनुवटी गुळगुळीत. तिने पुन्हा घड्याळ धरलं. पुन्हा हनुवटी. मग घड्याळ पकडून असं ओढलं की त्याच्या मनगटाची साल निघाली. आणि मग ओरडली. नऊ वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकलेला नाही. लगेच फिट आली.

फिट उतरली तेव्हा मी बांगड्या तिच्या हातात दिल्या. तिने माझा हात फेकून दिला. पुन्हा दिल्या, पुन्हा फेकला. आता तिला बांगड्यांचाही भरवसा नाही. खरंच आहे, घड्याळ खोटं निघालं तर बांगड्या खऱ्या कशावरून? चमचा दिला, चमचा भिरकावला. पट्ट्याची कडी, टॉवेल, सगळं फेकलं. एवढ्या वर्षांत कण कण करून जे जग तिच्या हातात ठेवलं होतं ते आपण दोघींनी एका आठवड्यात मोडलं.

वासंती मॅडम आल्या. रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिच्याशी एकच गोष्ट कधी करायची नव्हती, तिच्या हातात खोटी वस्तू द्यायची नव्हती. तिच्याकडे दुसरा काही पुरावा नसतो. मी विचारलं, मग खरं काय सांगू? त्या म्हणाल्या, 'संपलं'ची खूण तिला येते, दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे, ती करा. पण आपा, तिच्या आयुष्यात जे जे संपतं ते पुन्हा येतं. जेवण संपतं, पुन्हा येतं. अंघोळ संपते, पुन्हा येते. सुट्टी संपते, शाळेची गाडी येते. 'बाबा संपले' म्हटलं तर ती उद्या पुन्हा तळवा वर करून बसेल.

डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातली तर ती उपटेल, मग हात बांधतील. आपा, तिचा उजवा हात बांधला तर तिच्याकडे काय उरलं? इकामा, इथे राहायचा परवाना, यूसुफच्या नावावरचा, इद्दत संपली की आम्हाला गावी यायचंच आहे. पण जी पोरगी आईला हात लावू देत नाही तिला मी विमानात कशी बसवू?

मी तुम्हाला दोष देत नाही, असं लिहायला हवं. पण मला राग आलाय. तुमचाही आलाय.

नाझिया

⁂

दाभोळ, ५ फेब्रुवारी २०२५

नाझिया,

राग कर. हक्क आहे. माझ्यावर नंतर सवडीने रागव, आधी हे वाच आणि लगेच कर.

तू म्हणतेस तिच्याकडे तो शब्द नाही. आहे. मी पाहिलाय.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही मे महिन्यात आलात तेव्हा आपल्याकडे ते आई मेलेलं करडू होतं. मागच्या पडवीत पोत्यावर झोपायचं आणि आफिया त्याला चिकटून. तिच्या हाताला चाटायचं. तुम्ही दोघं लग्नाला चिपळूणला गेलात, आठवतं? त्या दिवशी करडू पोट फुगून मेलं. मी ते उचलून नेणार, तर ही पोत्यावर थापट्या मारायला लागली. कुठंय, कुठंय. मला तुमच्या खुणा-बिणा येत नाहीत. ती मागत होती, म्हणून मी करडू तिच्यापुढे ठेवलं. तुला सांगितलं नाही, कारण तू 'जंतू, जंतू' करून घर डोक्यावर घेतलं असतंस.

तिने त्याला हलवलं. मग त्याच्या नाकाखाली तळवा धरला. धरूनच राहिली. मग तोच तळवा स्वतःच्या नाकाखाली. मग माझा चेहरा शोधून माझ्या नाकाखाली. मग परत करडाच्या. असं कितीदा केलं ते मला सांगता येणार नाही, मी मध्ये पडले नाही. शेवटी तिने तळवा त्याच्या नाकाखालून काढला आणि पालथा करून जमिनीवर ठेवला. मग रडली. मी माडाखाली खड्डा केला, तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या हाताने माती लोटली.

दुसऱ्या दिवशी पोत्यापाशी गेली. थापटलं नाही. हवेत तळवा धरला, वाट पाहिली, आणि पालथा करून खाली ठेवला. ते गेलं, असं ती मला सांगत होती, नाझिया. मला कळलं. त्यानंतर तिने करडू कधी मागितलं नाही.

आपण सगळे शहाणे तिला घड्याळ देत बसलो. तिला कळणार नाही, घाबरेल, असं म्हणणारे ते पुरुष आणि तिला फसवा म्हणणारी मी, आम्ही एकाच माळेचे मणी. तिला कळतं. तू सांग. कुणाच्याही हातात न घातलेलं घड्याळ तिला दे आणि तिच्याच शब्दात सांग. फिट येईल म्हणून थांबू नकोस, डॉक्टर शेजारी आहेत ते बरंच आहे.

मला भीती वाटतेय हे खोटं का सांगू? हेही उलटलं तर माझ्याकडे तिसरं काही नाही.

झुलेखा

⁂

अर्दिया, ८ फेब्रुवारी २०२५

आपा,

काल दुपारी सांगितलं. नळी घालायला संध्याकाळी येणार होते.

मी घड्याळ तिच्या तळव्यात ठेवलं. तिने फेकलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा फेकलं. नौमान दाराशी उभा होता, त्याने उचलून उचलून माझ्या हातात दिलं. मग तिने ते न फेकता धरलं, पण रागाने, मूठ आवळून. मी तिची बोटं एकेक सैल केली आणि पट्ट्याच्या आतून फिरवली, आतून, जिथे मनगट असतं तिथून. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती स्वतः फिरवायला लागली. आत कुणी नव्हतं.

मग मी तिचा तळवा धरला आणि घड्याळाच्या वर हवेत नेला, यूसुफ जमिनीवर बसले की त्यांचा चेहरा जिथे यायचा तेवढ्या उंचीवर. तिथेच धरून ठेवला. ती थांबली. आपा, ती थांबली, तिला ते ओळखीचं वाटलं. मला वाटलं मीच आता ओरडेन. खूप वेळ धरून ठेवलं. हवेशिवाय काही नव्हतं. मग मी तिचा तळवा पालथा केला आणि गादीवर टेकवला.

ती नुसती पडून राहिली. मला वाटलं चुकलं, किंवा फिट येतेय. मग तिने एकटीने हात उचलला. हवेत धरला. वाट पाहिली. मान एका बाजूला कलती केली, यूसुफ यायच्या वेळी करायची तशी. आणि हळूच पालथा केला.

मग रडली. त्या दिवशीसारखं ओरडली नाही. बाप गेलेली मुलगी रडते तशी रडली, आणि मीही तिच्याबरोबर पहिल्यांदाच तशी रडले, इतके दिवस मी नुसतं सांभाळत होते. नौमान बाहेर जाऊन भिंतीशी बसला. आता लिहितेय तर तुम्हीही रडत असाल, रडा. मोबाईलवर कफन बघून तुम्हाला जे पटलं नाही ते आज पटेल कदाचित.

त्यानंतर तिने माझ्या बांगड्यांना हात लावला नाही. माझ्या अंगावरून चढत चेहऱ्यापर्यंत आली आणि तळवा माझ्या नाकाखाली धरला. मी श्वास सोडला. तिने हात काढला नाही. मी चमचा उचलला, तिच्या ओठांना लावला, आणि तिने तोंड उघडलं. अर्धी वाटी पेज घेतली. नळीवाले आले, बघून परत गेले.

कालपासून तिचा हात तिथेच आहे. झोपली की गळून पडतो, जागी झाली की आधी तिथे येतो. नर्स हसून काढायला गेली, मी काढू दिला नाही. आत्ताही एका हाताने हे लिहितेय आणि तिचा तळवा माझ्या नाकाखाली आहे. मला पुन्हा रडायला येतंय, आपा, पण रडायची सोय नाही. नाक चोंदलं तर ती काय समजेल?

नाझिया